एकालेच धाडला

चिखलीहून उंद्रीला जाणाऱ्या एसटीत विहंगने मांडीवरचा खोका इतका जिवापाड सांभाळला होता, की शेजारी बसलेल्या ओवीने विचारलंच, "अंडी हायत का?"

"सेन्सर हायत, आमच्या कंपनीचे. कपाशीतल्या सापळ्यात लावाचे, बोंडअळीचे पतंग मोजाले." मग हळूच, "तुमाले नाही मोजणार…"

ओवी खिडकीकडे वळली, पण हसू काही लपलं नाही. उतरण्याआधी नंबर दिले-घेतले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून मीम्स सुरू झाले. त्याने अळीला नवरदेवाचा फेटा बांधला, तिने बीटी बियाण्याच्या पाकिटाला ढसाढसा रडवलं. गावाची कपाशी किडत होती आणि ही दोघं खिदळत होती. वयच मेलं तसं!

एक सेन्सर ओवीच्या वडिलांच्या, उत्तमरावांच्या शेतातही लागला. तिथेच बांधावर विहंग म्हणाला, की पुढे धुळीच्या कणाएवढे सेन्सर येतील, ओढणीवर बसून सगळं ऐकतील तरी कळणार नाही.

"मंग मनातलं सांगाचं कोणाले?"

"मले सांग न…"

त्या संध्याकाळी तिने सांगून टाकलं. त्यानेही सांगितलं. पुढचे काही दिवस ओवीचे पाय जमिनीवर नव्हते.

त्याच भरात तिने बापाचा चोरून काढलेला फोटो त्याला पाठवला. उत्तमराव किडकं बोंड फोडून आ वासून बघताहेत, खाली तिचे शब्द : 'आत कोणी आहे का?'

दोन दिवसांत तो फोटो फिरत फिरत उत्तमरावांच्याच फोनवर आला. ते तडक शेतात गेले आणि सापळा उपटून फेकला. त्या डबड्यानेच फोटो काढला, यात त्यांना शंका नव्हती. ऐकून साऱ्या गावाने सापळे उपटले.

विहंग धावत आला. "सांग न त्याहीले, फोटो तू काढला. माही नोकरी जाईन… मी एकाच दोस्ताले धाडला होता, ओवी."

"मीही एकालेच धाडला होता."

तरी ती सांगायला गेली. उत्तमराव ओसरीत बसले होते. तिने तोंड उघडायच्या आत त्यांनीच तिला जवळ बोलावलं.

"बाई, माहं जाऊ दे. हासले लोक, हासले. पण तू त्या सापळ्यापाशी तण निंदाले जात होती. तुहा तं नाही न काढला फोटो त्यानं?"

ओवीने मान हलवली. नाही म्हणाली. फोटो आपणच काढल्याचं मनातच राहिलं.

बाहेर चिखलीची एसटी हॉर्न देत निघून गेली, आणि उत्तमराव लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.