मिनिटाला अठ्ठेचाळीस

हिंगण्याच्या एका छोट्या कंपनीत मी मोटारी आणि पंपांची कंपनं मोजते. यंत्राच्या पट्टीवर मिनिटाचे फेरे लिहिलेले असतात. माझं उपकरण हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती, ते दाखवतं. साठने गुणायचं, एवढंच. "एमएस्सी करून पाढे म्हणते," असं आई पाहुण्यांना सांगते.

आमचं घर गोळीबार चौकाजवळ. पुढच्या खोलीत पूर्वी आजोबांचा, आमच्या आबाजींचा, हातमाग होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा. दहा वर्षांपूर्वी अनुसया आजी गेली, माग विकला, खड्डा बुजवून फरशी घातली. आता तिथे आबाजींची खाट आहे.

मे महिन्यात आबाजींची नाडी मंदावली. डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवा, उशीर करू नका. आबाजी म्हणाले, नाही. मी रोज सकाळी त्यांचे ठोके वहीत लिहू लागले.

एका रविवारी दुपारी नवं उपकरण तपासायला मी ते खाटेजवळ फरशीवर ठेवलं. पडद्यावरच्या आलेखात एक टोक २३.३ हर्ट्झला. साठने गुणलं: जवळजवळ चौदाशे. कूलरचा पंखा. दुसरं बारीक टोक ०.८० ला.

मेन स्विच बंद केला. पंख्याचं टोक गेलं. ०.८० राहिलं. आबाजींची खाट रिकामी होती, ते बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांची नाडी त्या दिवशी छप्पन होती. आणि हे अठ्ठेचाळीस.

ओट्यावर जाऊन विचारलं, "आबाजी, मागावर मिनिटाला धोटा किती वेळा फेकायचे तुम्ही?"

"मी पंचावन. तुही आजी अठ्ठेचाळीस. ना एक कमी, ना एक जास्त. पण तिचं सूत कधी तुटलं नाही. काहून वं?"

"असंच."

ते हसले. "तुही मशीनही ऐकून राहिली म्हणजे."

मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले. मग त्यांनीच सांगितलं. कापडाचं थान विणून संपलं तरी ताण्याची, म्हणजे उभ्या सुतांची, शेवटची टोकं मागाच्या फणीत तशीच सोडतात. नवा ताणा त्यांनाच सांधायचा असतो. आजीनं तशी सोडली होती. माग विकताना ती फणी कुणी उचललीच नाही. खड्ड्यात पडली आणि वरून मुरूम टाकला.

"सांधायले दोघं लागतात," ते म्हणाले. "ती एकटी कशी करणार?"

सोमवारी नाडी चौपन्न. बुधवारी एक्कावन्न. शुक्रवारी एकोणपन्नास. फरशी रोज ०.८०.

दोन आकड्यांत एकाचा फरक उरला होता. मला कारण सांगता येत नव्हतं, पण आलेख काढता येत होता.

"आबाजी, पेसमेकरच्या कागदावर सही करा. माझ्यासाठी."

"तुह्या आजीसारखीच जिद्दी हायेस," म्हणाले, आणि सही केली.

शनिवारी पेसमेकर बसला. कमीत कमी साठ ठोक्यांवर लावलाय, डॉक्टरांनी सांगितलं. साठ भागिले साठ. बरोबर एक हर्ट्झ.

आठवड्यानं आबाजी घरी आले. चेहऱ्यावर रंग होता. आईनं केलेली बेसनाची पातोडी वाटीभर दोनदा मागून खाल्ली, आणि "मीठ कमी पडलं, सूनबाई" असंही म्हणाले. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मी उपकरण फरशीवर ठेवलं. ०.८० ला काही नव्हतं.

मग पडद्याची उजवी बाजू पाहिली.

१.००.

पूर्वीपेक्षा उंच.

आबाजी खाटेवरून हात खाली सोडून, तळवा फरशीला टेकवून पडले होते.

"तिचा हात एवढा कधी चालला नाही," ते म्हणाले. "दमवून राहिलो मी तिले."

"झोपा आबाजी."

"थांबवता येत नाही ना वं हे छातीतलं?"

"नाही," मी म्हणाले.

आज सकाळी खाटेखाली झाडताना फरशीच्या सांध्यातून पांढऱ्या सुताचं एक टोक वर आलेलं दिसलं. बोटभर. तुटलेलं.

चिमटीत धरून पाहिलं. सुताला लावलेली खळ अजून ओली होती.