क्योटोहून आणलेलं लाळेरं

हे खरं आहे. पटलं तर घ्या, मला कुणाची मनधरणी करायची नाही. गेल्या महिन्यात, नोव्हेंबरात, लंडनला एजवेअरमध्ये माझ्या मावसभावाच्या, अवधूतच्या घरी सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही.

अवधूत म्हणजे जगाला अक्कल शिकवणारा. बायको निवेदिता आणि वर्षाची सिया यांना घेऊन क्योटोला गेला आणि देवळादेवळांतून नाक मुरडत फिरला. सोन्याचं देऊळ म्हणजे म्हणे मिठाईचा डबा. जुनी राजधानी? आमच्या वेरूळपुढे किस झाड की पत्ती!

शेवटच्या देवळामागे दगडी बाळांच्या रांगा होत्या.

प्रत्येकाच्या गळ्यात लाल लाळेरं...

आपल्याकडे देवीच्या अंगावरचं वस्त्र प्रसाद म्हणून मिळतं. पण ते पुजारी देतो. या शहाण्यानं स्वतःच एक सोडून घेतलं. निवेदिता म्हणाली, निदान कुणाला विचार तरी. तर म्हणे, प्रसादाला कसली परवानगी?

घरी आल्यावर सियाच्या गळ्यात बांधलं.

सिया जेवेनाशी झाली. घास आला की तोंड फिरवायची.

लाळेरं मात्र रोज ओलं...

एका संध्याकाळी सिया खाली आईच्या मांडीवर होती. वर कुणी नव्हतं. बेबी मॉनिटर वाजला...

टक्.

दगडावर दगड ठेवल्यासारखा आवाज.

टक्...

अवधूत धावत वर गेला. सियाच्या कॉटमध्ये खड्यांची छोटी उतरंड रचलेली होती. खडे ओले होते.

खाली सिया खुदकन हसली.

त्यानं ऑफिसमधल्या जपानी बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, मूल गेलेल्या आया ती लाळेरी बांधतात; गेलेली मुलं पलीकडच्या नदीकाठी खडे रचत बसतात, असं आमच्याकडे मानतात. होतं त्याच मूर्तीला परत बांधून या.

निवेदितानं एवढंच विचारलं, "कुठली मूर्ती होती रे?"

अवधूत फोनमधले फोटो चाळायला लागला. सगळ्या देवळांना नावं ठेवली, पण एका मूर्तीचा चेहरा धड पाहिला नव्हता. फोटो काढले तर त्यांत हाच पुढे, मागे नुसता लाल धूसर पट्टा. एरवी मला हसू आलं असतं.

पुढच्या आठवड्यात ते परत क्योटोला निघालेत. शेकडो मूर्ती आहेत तिथे. आणि सिया वाळत चाललीय.

काल मी तिला भरवायला गेले. तिनं घास हातात घेतला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे धरला...

हात परत आला तेव्हा रिकामा होता.

मी वाकून पाहिलं. खाली काहीच पडलं नव्हतं.