गॅसच असेल

पहिल्याच भेटीत मी अश्वजितशी खोटं बोलले.

एकोडीहून बाबांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा ते धापा टाकत होते. हृदयाचा इको काढणारा हा सावळा, उंच मुलगा हळूच म्हणाला, "यांच्या छातीत पहले कधी दुखलं होतं?"

"नाही... गॅस होते त्यांले."

तो पाहतच राहिला. डोळे इतके शांत, की माझीच नजर खाली गेली.

दोन वर्षांपूर्वी धानाची रोवणी सुरू असताना बाबा छाती धरून बांधावर बसले होते. मी, घरातली बी.एस्सी. झालेली शहाणी, त्यांना ओवा-सोडा पाजला आणि गॅस आहे म्हणून मोकळी झाले. बाबा पुन्हा चिखलात उतरले.

अश्वजितनं पडद्यावर बोट ठेवलं. तो गॅस नव्हता, अटॅक होता. हृदयाचा तेवढा भाग मरून तिथे वण झाला होता. त्यानं हृदय कमजोर झालं, म्हणून आता पेसमेकर बसवायचा, पण त्याची तार वणावर लागली तर सगळं वाया. जिवंत जागा शोधून तिथेच लावावी लागते.

"म्हणून विचारून राहिलो," तो म्हणाला. "डॉक्टरांले सगळं खरं सांगा लागते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाबांसमोरच सगळं सांगितलं, ओव्यासकट. बाबा एवढंच म्हणाले की त्यांनाही रोवणी सोडायची नव्हती. ते ऐकून मला रडूच आलं.

अश्वजितनं रुमाल पुढे केला.

"माह्या आईलेही आम्ही गॅसच म्हटलं होतं," तो म्हणाला. "ती नाही राहिली... तुमचे बाबा आहेत."

दुसऱ्या दिवशी नागपूरहून आलेल्या डॉक्टरांनी वण चुकवून तार बसवली.

तीन महिन्यांनी तपासणीला आलो, तर बाबा न थांबता जिना चढले. मी मागे राहिले — रुमाल परत द्यायचा होता ना! धुऊन, इस्त्री करून आणलेला. अश्वजित दारात उभा होता, एक हात छातीवर.

"काय झालं?" मी घाबरलेच.

"काही नाही... तू येणार म्हटलं का सकाळपासून असंच होते." तो कानापर्यंत लाल झाला. "गॅस असन."

त्या शब्दानं अजूनही मान खाली जाते माझी. तेव्हाही गेली. पण या वेळी मी ती वर केली.

"एकदा चुकली मी," मी म्हटलं. "आता गॅस म्हणून नाही सोडत."

रुमाल मी पर्समध्येच ठेवला.