गिळलेलं क्रियापद

सकाळी माईक तपासायला ती सभागृहात शिरली, तेव्हा व्यासपीठावर उभा राहून एक तरुण नऊशे रिकाम्या खुर्च्यांना सांगत होता की, माणसानं कधी धीर सोडू नये.

"खुर्च्यांनी अजून तरी सोडलेला नाही," ती मागून म्हणाली. "आपण कोण?"

तो असा दचकला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वक्ता. म्हणजे... होणार आहे. आज वरच्या छोट्या खोलीत माझं पहिलं भाषण आहे. म्हटलं, मोठ्या व्यासपीठावर उभं राहून कसं वाटतं ते बघावं."

"मग? कसं वाटतंय?"

"पाय लटपटतायत."

तिला हसू आलं. सभागृहाचे व्यवस्थापक तिचे मामा, आणि ध्वनिव्यवस्था तिच्या हातात. पाच वर्षांत इतकी भाषणं कानावरून गेली होती की तिला त्यांचा वीट आला होता. पण पाय लटपटतात असं कबूल करणारा वक्ता मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती.

वरच्या खोलीत खुर्च्या चाळीस आणि माणसं अकरा. विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून हा गडी या वाटेला लागला होता, आणि बोलत होता अगदी जीव ओतून. "कंटाळा आला म्हणून उद्या उठून नोकरी सोडायची नाही!" असं तो कळकळीनं म्हणाला. पण त्यातलं 'नाही' ओठांतच विरलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वहीत लिहून घेतलं, 'उद्या उठून नोकरी सोडायची.' मागच्या आजोबांनी शेवटी हात वर केला. "अहो, सोडायची की नाही, ते एकदा नक्की सांगा!"

भाषण संपल्यावर ती म्हणाली, "वक्तेसाहेब, तुम्ही क्रियापद गिळता."

"काय गिळतो?"

"वाक्याचं शेपूट. आपल्या भाषेत सगळी मेख शेवटी असते. 'करतो' आणि 'करत नाही', फरक कुठे आहे? तुम्ही नेमका तोच घशाखाली घालता. लोक घरी जाऊन उलटंच करतील."

इतर वक्ते अशा वेळी माईकला नावं ठेवायचे. यानं खिशातून वही काढली. "अजून सांगा ना," तो म्हणाला. तिला तो तिथेच आवडला, हे खरं. कबूल करायला मात्र तिनं बरेच महिने घेतले.

मंगळवारी सकाळी सभागृह रिकामं असे. तो व्यासपीठावर, ती वर ध्वनियंत्रणेच्या काचेच्या खोलीत. शेवटचा शब्द स्पष्ट ऐकू आला की ती हात वर करायची. नाही आला की घास गिळल्याचा अभिनय करायची. तो खळखळून हसायचा आणि वाक्य पुन्हा म्हणायचा, दहादा, वीसदा. तिला 'मास्तरीणबाई' म्हणायचा. परिचारिका, चालक, कारकून, जे बोलावतील त्यांच्याकडे जाऊन बोलायचा. तासभर आधी पोचून त्यांच्याबरोबर चहा प्यायचा, त्यांच्या कामातल्या अडचणी विचारायचा, मग भाषणात त्यांचेच शब्द यायचे. परत आल्यावर स्वतःची ध्वनिफीत ऐकायचा आणि स्वतःच कपाळाला हात लावायचा. चाळीस खुर्च्यांच्या शंभर झाल्या, शंभराच्या तीनशे. असल्या चिकाटीचं तिला फार कौतुक वाटे. मधल्या एका मंगळवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"त्या पोराचं जरा जास्तच लक्ष देऊन ऐकतेस," मामा म्हणाले.

"ते माझं कामच आहे, मामा."

"हो का? बाकीच्यांच्या वेळी स्वेटर विणतेस ती?"

नवव्या महिन्यात त्याला मोठं सभागृह मिळालं. एका प्रशिक्षण संस्थेचे दोन अधिकारी ऐकायला येणार होते. त्यांना पसंत पडला, तर दोन वर्षं गावोगावी भाषणं. हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते. ती "वा!" म्हणाली खरी, पण तिच्या काळजात चर्र झालं. आपणच घासूनपुसून लख्ख केलेलं भांडं दुसऱ्याच्या घरी जाणार होतं. तरी त्या दिवशी तिनं त्याचा आवाज असा लावला, जसा आजवर कुणाचाच लावला नव्हता.

आणि काय बोलला तो! नऊशे माणसं हसली, गप्प झाली, पुन्हा हसली. हेडफोनमध्ये तिला त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. एकही शब्द गिळला नाही. सवयीनं तिचा हात वर गेला... पण त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. तिनं हळूच हात खाली घेतला. अभिमानानं ऊर भरून आला होता, आणि रडूही.

टाळ्या थांबल्या. थोड्या वेळानं तो धापा टाकत वर आला.

"एकदाही पाहिलं नाहीस," ती म्हणाली.

"पाहिलं असतं तर भाषण सोडून भलतंच बोलून बसलो असतो."

"भलतंच — म्हणजे?"

"हेच की... मला तू आवडतेस. फार. मास्तरीणबाई म्हणून नाही गं. तू. अख्खी."

 ती माईकच्या वायरीचं वेटोळं करत राहिली.

"त्यांनी काम देऊ केलंय," तो म्हणाला. "पण मी अट घातली. महिन्यातले तीन आठवडे म्हणाल तिथे जाईन. चौथा इथेच."

"आणि ते काय म्हणाले?"

"खाली चहा पीत विचार करतायत."

 एवढा घाम गाळून मिळवलेल्या संधीवर यानं खुशाल पाणी सोडायची तयारी केली होती, एका आठवड्यासाठी!

"वेडा आहेस का तू? अशी अट घालतं कोणी?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "घालायचीच होती तर नीट तरी घालायचीस! महिन्यात एकच आठवडा मला कसा पुरेल? जा, दोन माग."

तो दोन-दोन पायऱ्या उड्या मारत जिना उतरू लागला.

"अरे थांब!" हेडफोन टेबलावर टाकून ती त्याच्यामागे धावली. "मी पण येते. एकटा गेलास तर दीडवर राजी होऊन येशील!"