फळ्यावरच्या तीन ओळी

पोंभुर्ण्याच्या पुढे, सागवनाला टेकून बसलेल्या एका गावात नंदिनीबाई शिकवायच्या. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली बाई. समोर भूत आलं तर आधी आधार कार्ड मागेल. पण शिकवणं असं, की वाटेनं जाणारा बैल खिडकीशी थांबायचा. म्हशींचं मात्र खात्रीनं सांगता येत नाही.

रोज सकाळी त्या फळ्यावर दोन-तीन ओळी लिहायच्या. "लिहिलेलं सगळ्यांनाच दिसतं. न लिहिलेलं सांगा." उत्तर आलं की एकच प्रश्न, "कशावरून?"

तिसरीतल्या सुकरीची आजी गुणाबाई एकदा भांडायलाच आली.

"बाई, काय शिकवून राह्यल्या पोरीले? म्हणते, आजी, गूळ तूच खाल्ला. मी म्हटलं, कशावरून वं? तर म्हणते, तुह्या पदरावर मुंग्या!"

"मग, खाल्ला होता?"

"खाल्ला ना! पण गावभर सांगाची काय गरज?"

एके दिवशी बाईंनी लिहिलं, 'गोठ्यात धावपळ झाली. घरातले खरवसाची वाट पाहू लागले.' पोरं ओरडली, "म्हैस व्याली!" त्याच दुपारी देवाजीची म्हैस व्याली. तिला अजून महिना होता. पुढे पोरांनी फळ्यावरून वानर ओळखलं, अन् मधल्या सुट्टीत खिचडीच्या पातेल्याशी वानर हजर.

"योगायोग," बाई म्हणाल्या. "जंगलात वानर नाही, तर काय जिराफ येणार?"

सुकरीचा बाप मुखरू तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. होळीला टोळी परतली, मुखरू नाही. वाटेत चहाला उतरला, तो परत गाडीत चढलाच नाही. सगळ्यांच्या आधी हात वर करणारी सुकरी मुकी झाली.

बाईंना ते बघवेना. एका सकाळी त्यांनी खडू उचलला.

'दारात लाल धुळीनं माखलेल्या चपला होत्या. चुलीवर भात जास्तीचा होता. आई हसत होती.'

कितीतरी दिवसांनी सुकरीचा हात वर गेला.

"बाबा आला."

"कशावरून?"

"चपला मोठ्या माणसाच्या असन. भात एकाचा जास्त हाये. अन् आई होळीपासून हसलीच नाई."

काय ती पोर! बाईंना तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

दुपारी गुणाबाई धावत शाळेत आली. मुखरू आला होता.

दुसऱ्या दिवशी घंटेआधीच सुकरी वर्गात उभी होती. बाईंच्या हातात डस्टर होतं.

"फळा पुसू नका, बाई."

"का गं?"

"चपलांवरची धूळ धुतली तरी जात नाई. भात वाढला तरी तेवढाच राहते. बाबा जेवतच नाई."

"आणि आई?"

"हसून राह्यली. कालपासून. थांबतच नाई."

सुकरीनं एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"मले समजलं, बाई. आजीले सांगू नका."

त्या दिवशी पहिल्यांदाच बाईंनी 'कशावरून' विचारलं नाही. डस्टर खाली ठेवलं.

आता बाई फळ्याशेजारच्या भिंतीवर लिहून शिकवतात. सुकरी पुन्हा सगळ्यांच्या आधी हात वर करते.

मुखरू रोज येऊन शाळेच्या खिडकीशी उभा राहतो. लेकीकडे बघत नाही.

फळ्याकडे बघतो.