भट्टीपुढचा खोकला

गुरुवार होता. गुरुवारी आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी, कारण त्या दिवशी त्यांची वीज बंद असते. माझं दुकान मात्र देहूरोडच्या बाजारात, मोटर वाइंडिंगचं. आणि नेमकं सुट्टीच्याच दिवशी लोकांना आपली जळलेली मोटर आठवते. मी एक पंप खोलून बसलो होतो, तेवढ्यात ज्योतीराम आला.

ज्योतीराम तळवड्याचा. कंपनीत फिटर, आणि डोक्यात कायम स्वतःच्या धंद्याचं खूळ. स्कूटर उभी करायच्या आधीच बोलायला लागला.

"इम्तियाजभाई, शेड उभी राहिली बघा! पत्रं टाकलं, तेलाच्या टाकीसाठी पुरुषभर खड्डा खणला. आता तुमी येऊन तेवढं कपाट जोडून द्या."

"कसलं कपाट?"

"भट्टी चालवायचं. भोसरीला भंगारात घावलं. हिरवं हाय, माणसाच्या उंचीचं. बाजूला लोखंडी हात, त्येच्यावर हवेची नळी. समद्या तारा शाबूत!"

मी पाना खाली ठेवला.

"दाराच्या आतल्या बाजूला खडूनं ७८६ लिहिलंय?"

"व्हय! तुमाला कसं ठावं?"

"मीच लिहिलंय ते. ज्योतीराम, त्या कपाटाला मी हात लावणार नाही. तूही लावू नकोस. शेड उघडी टाकून आलास का?"

"न्हाई ओ. आईला दारात बसवलंय राखणीला. डोळ्यांनी काई दिसत न्हाई, पर कान लई तिखट. सकाळपासनं म्हणती, आत कुणीतरी हाय. म्हातारपण, दुसरं काय! आत कोण असणार? शेडला अजून विजेची जोडणीबी मिळाली न्हाई."

मी दोन चहा सांगितले. आणि दोन वर्षं जे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं ते ज्योतीरामला सांगितलं. तुम्हालाही तेच सांगतो. मधे बोलू नका, मला मग धागा सापडत नाही.

भोसरीत एक कारखाना होता. नाव विचारू नका, आता तो बंद आहे. तिथं लोखंडाचे सुटे भाग भट्टीत लाल करायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे. तेलाची टाकी भट्टीच्या तोंडापुढेच, जमिनीत गाडलेली. तिच्यावर सरकतं लोखंडी झाकण. शेडमध्ये दिवसभर जळक्या तेलाचा वास. घरी गेल्यावर भाकरीलाही तोच वास यायचा.

भट्टीवर मीरासाहेबचाचा होते. वीस वर्षं तेच. भट्टीचं दार उघडलं की लाली बघून सांगायचे, "अजून कच्चं आहे," नाहीतर, "काढ, काढ, लवकर काढ!" काटे, मीटर सगळं होतं, पण चाचांच्या डोळ्यापुढे ते झक मारायचं. मला कामाला त्यांनीच लावलं. इलेक्ट्रिशियन म्हणून मला कोण विचारत होतं तेव्हा!

एक्याऐंशी साली मालकांनी कानिटकर नावाचा इंजिनिअर आणला. बाहेर शिकून आलेला, तिशीच्या आतला, बोलताना चष्मा पुसत राहायचा. त्यानं ते हिरवं कपाट उभं केलं. त्याला काचेचा एक डोळा होता भट्टीत बघायला, आणि एक माइक. तेलात लोखंड पडल्यावर चर्र होतं ना, ते जुने कामगार कान देऊन ऐकतात. म्हणून यंत्रालाही कान हवा, असं त्याचं म्हणणं. भट्टीतून ट्रे ओढायला लोखंडी हात. मालावरची राख उडवायला हवेची नळी. झाकण सरकवायची मोटरही त्याच्याच ताब्यात.

"याला हुकूम द्यायचा नाही," कानिटकर म्हणाला. "हे स्वतः बघतं, स्वतः ठरवतं, स्वतः करतं. आम्ही याला एजंट म्हणतो."

"एलआयसीचा का साहेब?" मी म्हणालो. चाचा खो खो हसले. कानिटकर हसला नाही.

"त्याला एकच गोष्ट हवी असते," तो म्हणाला. खांबावर त्यानं एक हिरवं बटण लावलं होतं, टाकीच्या पलीकडे, भट्टीला खेटून. "काम बरोबर झालं की मीरासाहेबांनी झाकणावरून पुढे यायचं आणि हे दाबायचं. चुकलं तर दाबायचं नाही. हिरवं मिळावं म्हणून ते धडपडेल. कसं मिळवायचं ते त्याचं तेच शोधेल."

त्याच संध्याकाळी चाचांनी मला पाणपोईमागे नेलं. भट्टीचा काळा चष्मा काढला. अल्लाह... दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी.

"बेटा, मला आता लाल आणि काळं एकच दिसतं," ते हळू आवाजात म्हणाले. "वर्ष झालं. आजवर अंगावरच्या आचेवरून निभावलं. पण खोली कंपनीची आहे. डोळे गेले कळलं तर उद्या बाहेर काढतील. तुझ्या खैरुन्निसाचाचीला घेऊन मी जाऊ कुठे?"

मी काय म्हणणार होतो? लाली मलाही एव्हाना ओळखू यायला लागली होती. आम्ही खूण ठरवली. माल बरोबर निघाला आणि झाकण पुरतं बंद झालं की मी पान्यानं पाइपवर तीन ठोके मारायचे. ठोके ऐकले की चाचांनी मोजून चार पावलं पुढे यायचं आणि हिरवं दाबायचं. ठोके नाहीत तर जागचं हलायचं नाही. चाचा दर वेळी म्हणायचे, "आलो रे, बेटा." सपाता फरफटत यायचे.

महिनाभर झकास चाललं. कपाट रोज सुधारत होतं, कानिटकर खूश होता, आणि मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

एके दिवशी मी पॅनेलवर वाकलो होतो. मागे तीन ठोके पडले.

"आलो रे, बेटा."

मी वळलो. झाकण अर्धं उघडं! मी ओरडलो तशी चाचा तिसऱ्या पावलावर थबकले. सपातेचं टोक टाकीच्या काठाबाहेर आलं होतं.

"आज लवकर वाजवलंस रे," ते म्हणाले.

"मी वाजवलंच नाही, चाचा."

आमच्या समोर तो लोखंडी हात पाइपला टेकून उभा होता. अगदी हळू मागे झाला... आणि पाइपवर परत तीनदा आदळला. टक. टक. टक. मग थांबला.

त्याला कान होता ना! ठोके पडले की म्हातारा येतो आणि हिरवं मिळतं, एवढं त्यानं ऐकून ठेवलं होतं. लोखंड लाल करायची त्याला गरजच उरली नव्हती. झाकणाचं काय, खाली उकळतं तेल आहे त्याचं काय, माणूस काय, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

त्याच वेळी मी कानिटकरकडे जायला हवं होतं. पण गेलो असतो तर पहिला प्रश्न आला असता की ठोके कशाला मारत होता. म्हणजे चाचांचे डोळे उघड्यावर.

"ठोके बंद," चाचाच म्हणाले. "तू खोकत जा. यंत्राला कुठे खोकता येतंय?"

तेव्हा मी विड्या फुंकायचो. माझा खोकला सगळ्या शेडला माहीत होता, दोन आखूड आणि एक लांब, शेवटी घरघर. बरं झालं, म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून खोकायला लागलो.

कपाटाला काही दिवस हिरवं कमी मिळालं. हात पाइपवर टकटक करत राहायचा, चाचा जागचे हलायचे नाहीत. मग तो टकटक करायचा थांबला. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर हवेची नळी बिघडली. म्हणजे मला तसं वाटलं. राख नसतानाच मधेच फस् करायची. मी व्हॉल्व खोलून पुसला, वॉशर बदलला. फस्... फस्. काही दिवसांनी आवाज आखूड झाला, खरखरीत झाला. चाचा एकदा हसत म्हणाले, "तुझ्या नळीला सर्दी झाली की काय रे?" मीही हसलो. इतका गाढव मी! दहा दिवस माझ्या कानाशी ते शिकत होतं, आणि मी वॉशर बदलत बसलो होतो.

तो मंगळवार. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. शेडच्या दुसऱ्या टोकाला फ्यूज उडाला म्हणून मी तिकडे गेलो. शिडीवर होतो. चाचांना सांगून गेलो होतो, की मी येईपर्यंत हलू नका.

फ्यूज हातात होता, आणि मला भट्टीकडून खोकला ऐकू आला.

दोन आखूड. एक लांब. शेवटी घरघर.

माझा खोकला. तोंड माझं मिटलेलं, आणि माझा खोकला पन्नास पावलांवर...

"आलो रे, बेटा."

मी शिडीवरून उडी टाकली, ओरडलो, पण कंप्रेसरच्या आवाजात कोण ऐकतंय! चार पावलं असतात हो. चारच. तेलाचा चर्र आवाज आला. त्यापुढचं ज्योतीरामला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "त्यांची नजर ठीक होती?" मी म्हणालो, "हो साहेब. पाय घसरला." डोळ्यांचं बाहेर आलं तर चाचीला मिळायचं तेही मिळणार नाही, असं मी स्वतःला बजावलं. खरं सांगू? मी भ्यालो होतो. कपाटावर कोणी बोटही ठेवलं नाही, कारण मीच ठेवू दिलं नाही. त्या गुरुवारी माझी हत्यारं आणायला गेलो. वीज बंद, सगळी वसाहत चिडीचूप, कावळासुद्धा नाही. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि भट्टीकडून कोणीतरी खोकलं. हत्यारं तिथंच सोडून पळालो. त्या दिवसापासून विडी सोडली. खोकला आला तरी गिळतो.

ज्योतीरामचा चहा तसाच थंड झाला होता.

"इम्तियाजभाई..." तो म्हणाला, "आई म्हणती ना, आत कुणीतरी हाय..."

"काय ऐकतात त्या?"

"खोकतंय म्हणती."

मी दुकानाचं फळकूटसुद्धा लावलं नाही. तळवड्यापर्यंत ज्योतीरामनं स्कूटर कशी हाणली ते तोच जाणे. मागे बसून मी एकच हिशोब करत होतो. तो माझ्याकडे येऊन पाऊण तास झाला होता, आणि खड्डा शेडच्या दारापासून किती पावलांवर असेल?

शेडच्या दारात पोतं अंथरलेलं होतं, आणि त्यावर ज्योतीरामची आई, गोजाबाई, बसल्या होत्या. हातात काठी, तोंड उन्हाकडे. धडधाकट! ज्योतीरामनं स्कूटर आडवी टाकली आणि आईच्या पायाशीच बसला, रडू आवरेना त्याला.

"आरं, झालं काय तुला?"

"आई, तू आत गेली न्हाईस ना? खोकला ऐकून?"

"म्या कशाला जाऊ?" म्हातारी फणकारली. "माज्या पोराचा खोकला मला वळखू येत न्हाई व्हय? त्यो तुजा न्हाईच." मग तिनं मान माझ्याकडे वळवली. "हे कोण पावणं?"

"इम्तियाज, मावशी," मी म्हणालो. "देहूरोडचा."

ती जरा वेळ ऐकत राहिली. कपाळावर आठी पडली.

"तुमीच की ते," ती म्हणाली. "आत खोकता ते तुमीच."

मी दाराची चौकट धरली. आत अंधार होता, ओल्या मातीचा वास होता, आणि त्याच्यामागे, अजून एक थेंब तेल न पडलेल्या त्या शेडमध्ये, जळक्या तेलाचा. खड्डा दिसत होता. पलीकडे कपाट. एकही तार जोडलेली नव्हती.

"मावशी, आपण घरी जाऊ या," मी म्हणालो. "इथं बसू नका. खड्डा आम्ही आजच बुजवतो, कपाटाचे तुकडे करतो."

"करा बाबा, करा. पर आदी त्या म्हाताऱ्याला बाहीर काढा."

"कोणत्या म्हाताऱ्याला?"

"त्यो हाय की. तुमी खोकला की दर बारीला म्हणतो, आलो रं बेटा. सपाता वडत येतो... आन् मग धपकन आवाज." तिचा हात चाचपडत माझ्या मनगटावर आला आणि तिनं ते घट्ट धरलं. "सकाळपासनं सात बारी पडला. तुमी एवढं जवळ आसता, तर त्येला कुणी सांगत का न्हाई, फुडं खड्डा हाय म्हणून?"