राखणीचा डबा

कमळाचं कुणीच खरं धरलं नाही. डबा खडपाच्या मागून, समुद्राच्या अंगानं वाजला, एवढंच तर ती सांगत होती. "भ्यालीस गो तू," असं म्हणून लोकांनी मानाचा नारळ दिला तो गंगारामला!

खडप म्हणजे गावासमोरचं ओसाड बेट. ओहोटीला मधल्या वाटेनं चालत जाता येतं. त्या दुपारी कमळाला कातळाला चिकटलेली कालवं फोडायची होती, आणि बरोबर आलेली अक्षया, रत्नागिरीच्या कॉलेजातली पोर, तिला जुन्या गलबतांचे दगडी नांगर बघायचे होते. खडपावरून मधली वाट दिसत नाही, कातळ आड येतो. म्हणून गावाची रीत अशी, की एकानं किनाऱ्यावर राखणीला बसायचं आणि पाणी फिरलं की पत्र्याचा डबा बडवायचा. डबा ऐकला की हातातली कोयती पडली तरी उचलायला थांबायचं नाही.

सुरूच्या सावलीत म्हातारा गंगाराम बसला होता.

"गंगारामदादा, डोळा लागू देऊ नको हां."

"तुझ्या तोंडापुढं कुणाला झोप येतेय गो?"

खडपावर वारा पडलेला. शेवाळाचा उग्र वास, आणि पडक्या वखारीच्या भिंतींवर मिठाचे पापुद्रे. कपारीतल्या पाकोळ्यासुद्धा गप्प. अक्षयानं नांगराच्या भोकातून हात फिरवला. दोर घासून घासून दगड गुळगुळीत झाला होता.

"मावशी, किती माणसं इथून गेली असतील!"

"गेली ती गेली. परत किती आली, ते विचार."

कमळाची थोरली बहीण द्वारकी इथंच गेली. कालवं काढताना. तेव्हाही राखण गंगारामचीच होती. आपण डबा वाजवला, अशी त्यानं देवळात शपथ घेतली. मग काय, पोरच हट्टी, ऐकूनही बसून राहिली, असं गावानं ठरवून टाकलं. आईनं ते मरेपर्यंत ऐकलं.

अक्षया भिंतीमागं गेली. कमळा कालवं फोडत राहिली. आणि डबा वाजला... घाईघाईनं, जीव तोडून.

कमळा ताठ उभी राहिली. गाव समोर होतं. आवाज पाठीमागून येत होता, आणि पाठीमागं पाण्याशिवाय काही नव्हतं.

"पोरी! धाव!"

मधली वाट बुडायला लागलेली. पाणी कमरेला, मग छातीला. दुसऱ्याची लेक, तिच्या आईला काय तोंड दाखवू? कमळानं अक्षयाची वेणी मुठीत धरली ती सोडलीच नाही. किनाऱ्याला लागल्या तेव्हा गंगाराम तोंड उघडं टाकून घोरत होता. डब्यात मुंग्या. कमळानं शिवी हासडली तसा तो दचकून उठला आणि डबा बडवायला लागला. तो ऐकून गाव धावलं.

"मी वाजवला म्हणून वाचल्या!" गंगाराम म्हणाला. लोकांनी तेच धरलं. गारठलेल्या अक्षयाला बायांनी आधीच कमळाच्या घरी नेलं होतं.

दिवेलागणीला कमळानं उंबऱ्यावरची पणती समुद्राकडं तोंड करून ठेवली.

"द्वारके, माझ्या हातून परक्याची लेक जात होती, ती राखलीस. बाय, तुझे उपकार मी कशानं फेडू गो..."

आत गोधडीत गुरफटून अक्षया चहा पीत होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, ती बाई आली ना सुखरूप?"

"कोण बाई?"

"भिंतीमागची. केस ओले होते... गंजका डबा वाजवत होती. मला विचारलंन, आज राखणीला कोण बसलाय?"

"मग...?"

"मी नाव सांगितलं. 'म्हणजे तोच,' म्हणाली. आणि पाण्यात उतरली. आपल्या आधी... गावाकडं."

पणती फडफडली. वारा तर नव्हता.

"कुठलं नाव सांगितलंस गो?"

"तुम्ही हाक मारलीत तेच... गंगाराम."